धोतरा : अंगणातला आणि औषधाच्या डब्यातला

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या देवगड तालुक्याचे रस्ते कुणकेश्वराकडे वळतात. समुद्राला लागून उभे असलेले ते देऊळ, यात्रेची गर्दी, आणि पूजेच्या ताटात बेलपत्राशेजारी ठेवलेले धोतऱ्याचे पांढरे फूल किंवा काटेरी हिरवे फळ. श्रावणातल्या सोमवारीही घरोघर हेच दृश्य असते. शंकराला धोतरा वाहायचा, कारण हलाहल पचवणाऱ्या देवाला विषाचे वावडे नाही, असे आमची आजी सांगत असे. तो आपल्याला पचत नाही, हेही ती त्याच दमात सांगे आणि आम्हां मुलांना हात धुवायला पाठवी. आजच्या लेखाचा विषय हा धोतरा आहे. वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण साठीसत्तरी ओलांडलेले आहेत आणि अनेकजण अशा वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारे आहेत. या वनस्पतीशी आपला संबंध केवळ पूजेपुरता नाही, हे शेवटपर्यंत वाचल्यावर आपल्या ध्यानात येईल.

धोतरा हा वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू यांचा कुळबंधू. लिनीयसने १७५३ साली या वनस्पतींना 'दातुरा' हे शास्त्रीय नाव दिले, तेही आपल्या 'धत्तूर' या संस्कृत शब्दावरूनच. उकिरड्यावर, पडक्या गडग्यापाशी, देवळाच्या आवाराबाहेर तो आपोआप उगवतो. फूल कर्ण्याच्या आकाराचे, संध्याकाळी उमलणारे, मंद वासाचे. एक पांढरा धोतरा आणि दुसरा जांभळट झाक असलेला, ज्याला आपण काळा धोतरा म्हणतो. फळ गोल आणि काटेरी, आत चपट्या, पिवळसर तपकिरी बिया. या बिया मिरचीच्या बियांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की दोहोंतला फरक न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवला जातो. हल्ली बंगल्यांच्या बागांत उलटे लोंबणाऱ्या मोठ्या फुलांचे एक शोभेचे झाड दिसते. ते धोतऱ्याचे जवळचे भावंड आहे आणि तितकेच विषारीही.

मूळ, पान, फूल, फळ, बी या सर्वांत विष असते. ते शिजवून किंवा वाळवून जात नाही. एका झाडापेक्षा दुसऱ्या झाडात, कोवळ्या पानापेक्षा जून पानात त्याचे प्रमाण वेगळे असते. म्हणून 'अमक्याने दोन पाने घेतली, त्याला काही झाले नाही' या विधानाला काडीचा अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. महिना फेब्रुवारीचा. दवाखाना बंद करून मी घरी येऊन जेवायला बसलो होतो, तोच फोन वाजला. बंदराकडच्या एका घरातली सून बोलत होती. तिचा नवरा मुंबईत नोकरीला. घरात ती, दोन मुले आणि पंचाहत्तरीचे सासरे. सासऱ्यांचे आयुष्य होडीवर गेलेले, आता दम्याने जेरीस आलेले. "डॉक्टरानू, बाबा कायताय बडबडतत हो," ती म्हणाली. मी जाऊन पाहिले. पडवीतल्या खाटेवर म्हातारबाबा उठून बसले होते. हवेतला न दिसणारा दोर दोन्ही हातांनी ओढत होते आणि "होडी इली, होडी इली" असे ओरडत होते. मध्येच कुणाशी तरी हसून बोलत. तो 'कुणीतरी' म्हणजे त्यांचा थोरला भाऊ होता, जो वारून वीस वर्षे झाली होती. शेजारच्या काकी अंगारा लावून गेल्या होत्या. एकजण सकाळी गाऱ्हाणे घालायची तयारी करत होता. आणखी एकाचे मत पडले की आता वय झाले, डोके फिरायचेच.

सून मात्र एका कोपऱ्यात उभी राहून हळूच म्हणाली, "दुपारपास्ना बाबा एकदाय लघवीक जावक नायत. आणि पाणी मागतत, पण गिळूक जमणा नाय." त्या दोन वाक्यांनी मला वाट दाखवली. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेले, लालसर, आणि काखेतसुद्धा घामाचा टिपूस नाही. जीभ चामड्यासारखी कोरडी. विजेरीचा झोत डोळ्यांवर टाकला तरी बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच. नाडी मिनिटाला एकशे तीसच्या आसपास. ओटीपोटात लघवीने फुगलेले मूत्राशय हाताला लागत होते. मी विचारले, "दुपारी यांनी काय घेतले?" तेव्हा कळले, की कुणीतरी दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा काढा सुचवला होता. पूर्वी ते वाळलेले पान विडीत घालून ओढत असत. या खेपेला पहिल्यांदाच पाने उकळून प्यायले होते.

त्यांना लगेच रुग्णालयात हलवले. नळी घालून लघवी काढली, शिरेतून सलाईन दिले, अंग ओल्या फडक्यांनी पुसून ताप उतरवला, हृदयाच्या ठोक्यांवर रात्रभर लक्ष ठेवले आणि शांत करण्यासाठी अगदी बेताच्या मात्रेत औषध दिले. या विषावर फायसोस्टिग्मिन नावाचा उतारा आहे, पण तो आपल्याकडे सहजी मिळत नाही. बहुतेक वेळा रुग्णाला सांभाळून विष ओसरण्याची वाट पाहणे हाच उपचार ठरतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली.

आता आत काय घडते ते सांगतो. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि हायोसिन अशी अल्कलॉइड द्रव्ये असतात. आपल्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा एक निरोप्या आहे. लाळ सुटणे, घाम येणे, बाहुली आकसणे, आतड्यांची हालचाल, मूत्राशयाचे आकुंचन, हृदयाचा वेग आवरणे अशी अनेक कामे तो मज्जातंतूंकडून करवून घेतो. धोतऱ्याची द्रव्ये या निरोप्याच्या वाटा अडवतात. मग तोंड कोरडे पडते, घाम थांबल्याने उष्णता अंगातच कोंडते, बाहुल्या विस्फारतात, जवळचे दिसेनासे होते, लघवी तुंबते. मेंदूतही हाच निरोप्या लक्ष आणि स्मृती यांचा कारभार पाहतो. तिथे अडथळा आला की माणूस भ्रमात जातो. हा भ्रम फार विशिष्ट असतो. रुग्ण पांघरुणावरचे नसलेले धागे वेचतो, हवेत काही धरू पाहतो, नसलेल्या माणसांशी गप्पा मारतो. पोटात गेल्यापासून अर्ध्या ते एका तासात सुरुवात होते, आणि परिणाम एक-दोन दिवस टिकतो. बाहुल्या पूर्ववत व्हायला कधी आठवडाही लागतो.

वृद्धांना हे अधिक का भोवते? वाढत्या वयात मेंदूतला या निरोप्याचा साठा मुळातच कमी झालेला असतो, आणि स्मृतिभ्रंश असेल तर फारच. मूत्रपिंड आणि यकृत विष बाहेर टाकायला अधिक वेळ घेतात. त्यात पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते, म्हणजे लघवी अडायला निमित्तच हवे असते. काचबिंदूच्या एका प्रकारात, जिथे डोळ्यातला कोन अरुंद असतो, तिथे बाहुली विस्फारली की डोळ्याचा दाब एकाएकी वाढून दृष्टी जाऊ शकते. तरुणाला जी मात्रा एक रात्र छळून सोडते, ती ऐंशीच्या माणसाला कायमची इजा करून जाऊ शकते.

पोटात न जाताही धोतरा घोटाळे करतो. आमच्याकडे गुडघा सुजला की धोतऱ्याचे पान तेल लावून, निखाऱ्यावर शेकून बांधायची पद्धत आहे. एक आजी सकाळी असे पान बांधून बसल्या आणि त्याच हाताने त्यांनी डोळा चोळला. तासाभरात उजवी बाहुली भली मोठी, डावी नेहमीएवढी. घरच्यांनी कुठेतरी वाचलेले होते, की बाहुल्या असमान झाल्या म्हणजे मेंदूत रक्तस्राव. गाडी काढली आणि सगळे स्कॅनसाठी निघाले. वाटेत माझ्याकडे थांबले. आजी मात्र ठणठणीत, हातपाय चालत होते, बोलणे स्पष्ट, आणि तक्रार एवढीच की एका डोळ्याने पोथीची अक्षरे लागत नाहीत. गुडघ्यावरचे पान पाहिले आणि उलगडा झाला. अशा वेळी घाईने गाडी काढणाऱ्यांना मी दोष देणार नाही; अर्धांगाची शंका आली तर घाईच करावी. पण 'सकाळी हाताने काय काय हाताळले' हे सांगितले असते, तर निदान आजींच्या जिवाचा थरकाप टळला असता. जखम झालेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर तर हे पान बांधूच नये. तिथून विष आत शिरते.

एवढे वाचून आपण विळा घेऊन परसात निघाला असाल, तर क्षणभर थांबा. याच विषाने आमच्या तालुक्यातले किती जीव वाचवले आहेत, तेही सांगायला हवे. आंब्याला मोहोर आला की बागांतून फवारण्या सुरू होतात. त्यांतली काही कीटकनाशके नेमके उलटे काम करतात: अ‍ॅसिटिलकोलिन साठवून ठेवतात. तोंडाला फड न बांधता फवारणाऱ्या गड्याला मग घाम फुटतो, लाळ गळते, छातीत पाणी साचल्यासारखे होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्यावरचे औषध म्हणजे अ‍ॅट्रोपिन, धोतऱ्यात असते तेच. तरुणपणी मी अशा रुग्णांच्या उशाशी बसून अ‍ॅट्रोपिनच्या कुप्यांमागून कुप्या फोडल्या आहेत. छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचे. आणि मात्रा थोडी पुढे गेली, की तोच गडी पहाटे हवेतले आंबे काढू लागायचा! एकाच खाटेवर दोन विषांची झुंज पाहायला मिळे.

दम्याचीही गोष्ट अशीच. आपल्याकडे दमेकरी धोतऱ्याचा धूर ओढत आले, आयुर्वेदात कनकासवात धोतरा आहे. मद्रासेकडचा धूर ओढण्याचा वापर पाहून जनरल जेंट यांनी १८०२ च्या सुमारास तो ब्रिटनमध्ये नेला, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. त्या धुराने श्वासनलिका खरोखरच सैल होत; सोबत भ्रमही होई. आज आपण जे इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियम पंपाने घेता, ती औषधे याच घराण्यातली, पण अशी घडवलेली की ती फुफ्फुसात काम करतात आणि मेंदूपर्यंत फारशी पोहोचत नाहीत. म्हणून आमच्या म्हातारबाबांना मी नंतर म्हणालो, "बाबा, तुमच्या पंपात धोतऱ्याचो नातूच आसा. आजोबाक कित्याक उकळलास?" ते खूप हसले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली, आणि त्यांचेच नाव १९१८ साली निघालेल्या भारतीय औषधी वनस्पतींच्या थोर ग्रंथावरही आहे. विषाचा अभ्यासक आणि औषधाचा अभ्यासक एकच असावा, यात मला नवल वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. ती माझ्याच चुकीची आहे.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई माझ्या जुन्या रुग्ण. पायांची आग होते म्हणून दुसरीकडून त्यांना रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिन मिळाले होते. पोटात कळ येते म्हणून मी डायसायक्लोमिन दिले. त्या आठवड्यात सर्दी झाली, तर मुलाने औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली, जिच्यात क्लोरफेनिरामिन होते. चौथ्या दिवशी बाईंना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. त्या अंगावरची झटकत, रात्रभर जागत, लेकाला भाऊजी म्हणत. शौचाला चार दिवस झाले नव्हते. मुलगा म्हणाला, म्हातारचळ लागला. आणि मी, ज्याला वीस वर्षांचा अनुभव होता, मान डोलावून म्हणालो, "वय झाले, असे व्हायचेच." वर झोपेसाठी आणखी एक गोळी लिहून द्यायला कागद ओढला. त्यांना जीभ दाखवा म्हटले, तर ती टाळ्याला चिकटली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातला औषधांचा डबा मागवला. धोतऱ्याचे झाड त्या घराच्या आसपास कुठेच नव्हते. ते तीन वेगवेगळ्या पाकिटांत होते, आणि त्यातले एक मी दिले होते.

ही औषधे वाईट नाहीत. प्रत्येक आपापल्या जागी उपयोगी आहे. पण ती सगळी कमीअधिक प्रमाणात अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवतात, आणि एकेकटी निरुपद्रवी वाटणारी तीन औषधे मिळून धोतऱ्याचा काढा होतो. कंपवातासाठी आणि काही मानसिक आजारांत दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल, वारंवार लघवी लागते म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्यूटिनिन, अ‍ॅलर्जीसाठीचे प्रोमेथाझिन हीही त्याच वर्गातली. अमेरिकेतले डॉ. मार्क बीयर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रथम तयार केली. ती आजही सुधारून वापरली जाते आणि यांतली बरीच औषधे तीत आहेत. आणखी एक विपरीत प्रकार अधूनमधून दिसतो. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल चालू असते, जे अ‍ॅसिटिलकोलिन वाढवते, आणि लघवीसाठी दुसरी गोळी चालू असते, जी त्याला अडवते. एकाच माणसाला दोघे दोन बाजूंनी ओढत राहतात.

त्या बाईंची सर्दीची आणि पोटाची गोळी बंद केली. रात्रीचे औषध ज्यांनी दिले होते त्यांच्याशी बोलून टप्प्याटप्प्याने कमी केले. पाच-सहा दिवसांत मुंग्या भिंतीवरून गेल्या. आपणही हा लेख वाचून घरातली कुठलीही गोळी परस्पर बंद करू नये. यातली काही औषधे अचानक थांबवली की वेगळाच त्रास होतो. सगळी पाकिटे, डोळ्यांचे थेंब, वैद्यांची आसवे, दुकानातून आणलेल्या गोळ्या, जे जे घरात आहे ते एका पिशवीत भरून आपल्या डॉक्टरांसमोर ओतावे आणि विचारावे, 'यांतले तोंड कोरडे करणारे कुठले?' प्रोस्टेट, काचबिंदू, जुनी बद्धकोष्ठता किंवा विसराळूपणा असेल तर हेही त्याच वेळी सांगावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की काल नीट बोलणारा वृद्ध माणूस आज एकाएकी बरळू लागला, तर ते वय नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या, वर्षांच्या पावलांनी येतो. तासांत आलेला भ्रम हा आजार असतो. तो संसर्गाने येतो, साखर किंवा सोडियम उतरल्याने येतो, अर्धांगाने येतो, आणि विषानेही येतो. डॉक्टर येईपर्यंत आपण चार गोष्टी पाहू शकता: जीभ ओली आहे की कोरडी, काखेत घाम आहे का, बाहुल्या केवढ्या आहेत, आणि शेवटची लघवी कधी झाली. ही माहिती रक्ताच्या तपासणीपेक्षा आधी हाती येते.

धोतरा पोटात गेल्याची शंका असेल तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. ताक, लिंबूपाणी, मिठाचे पाणी काहीही पाजू नका, कारण भ्रमातल्या माणसाचा घोट श्वासनलिकेत जातो. खाटेला बांधू नका, धडपडून ताप आणखी वाढतो. अंगावरचे जड पांघरूण काढा, दिवा मंद ठेवा, आणि ओळखीच्या एकाच माणसाने हळू आवाजात बोलत बसावे. झोपेची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी घरातून देऊ नका. अ‍ॅलर्जीची गोळी म्हणजे त्याच विषात भर. झाडाची फांदी, उरलेला काढा, बिया जे असेल ते सोबत न्या. गाऱ्हाणे घालायला माझी हरकत नाही, फक्त गाडी आधी बोलवा.

पावसाळ्यात रानभाज्या खुडताना आपल्या ओळखीचीच पाने घ्यावीत, आणि दृष्टी अधू झालेल्यांनी खुडलेली भाजी दुसऱ्या कुणाकडून निवडून घ्यावी. पूजेतली फळे निर्माल्यात गेली की ती नातवंडांच्या हाती लागत नाहीत ना, तेही पाहावे. दम्यासाठी कनकासव घेत असाल तर ते वैद्यांच्या सल्ल्याने, ठरल्या मात्रेत. आणि ते घेता हे मला, म्हणजे आपापल्या डॉक्टरांना, लपवू नका. आम्ही रागावतो हे खरे. पण लपवल्याने आमचा राग टळतो, विष टळत नाही.

त्या म्हातारबाबांना त्या रात्रीतले काहीच आठवत नव्हते. भाऊ भेटला होता, एवढे सुनेने सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. वर्तमानपत्र वाचता यायला त्यांना आठवडा लागला. विहिरीपाशी असलेले धोतऱ्याचे झाड मात्र त्यांनी उपटू दिले नाही. शिवरात्रीला फूल कुठून आणणार, हा त्यांचा प्रश्न. सुनेने मग त्याभोवती काठ्या रोवून जुन्या जाळ्याचे कुंपण घातले. दुसऱ्या वर्षी मी त्या घरी गेलो तेव्हा झाडाला फुले होती, आणि पडवीतल्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली होती. "ह्या बाबांच्या औषधांचा," सून म्हणाली, "सगळा एकाच जाग्यार ठेवलंय."